पंचावन्नाव्या वर्षी शिकायला बसलेली बसव्वाक्का

बसव्वाक्का, मी पोचले तेव्हा तुला न्यायची तयारी झाली होती. तुमच्या लिंगायतांच्या रीतीप्रमाणे तुला बसवलं होतं. कपाळभर विभूती, गळ्यात झेंडूचे हार, आणि मान जराशी एका अंगाला कललेली. वर्गात डॉक्टरीणबाई बोलायला लागल्या की तू अशीच मान कलती करून, चांगला कान पुढे करून बसायचीस. क्षणभर मला वाटलं, तू ऐकते आहेस. मग कोणीतरी मला बाजूला सरकवलं, पुरुषांनी तुला उचललं आणि भवानी पेठेतल्या त्या बोळात दोन्ही अंगांच्या ओट्यांवर बायका येऊन उभ्या राहिल्या. त्यांतल्या किती जणींची बाळंतपणं तू केलेली, आणि काहींना तर तूच जगात आणलेलं. मी कामावरच्या पांढऱ्या लुगड्यानिशी तशीच धावत आले होते. रडू आलं नाही. हात कुठे ठेवावेत तेच कळेना, एवढं आठवतं.

आज अकरावा दिवस. प्रसूतिगृहातल्या नव्या मुली विचारतात, "बाई, त्या तुमच्या कोण लागत होत्या?" नात्याची तू नव्हेस, जातीची नव्हेस, शेजारचीही नव्हेस. "आम्ही एका वर्गात होतो," असं मी सांगते. मुली एकमेकींकडे बघतात. मी तेवीस वर्षांची आणि तू पंचावन्नाची, असा तो वर्ग होता, हे त्यांना कसं समजावून सांगायचं?

मला सोलापुरात आणलं ते दादानं. नवरा गेला तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. पुढची चार वर्षं वैरागला सासरच्या माजघरात गेली. दादा इथल्या शाळेत मास्तर. एक दिवस तो आला आणि सासऱ्यांना म्हणाला, "द्वारकेला मी नेतो. ती शिकेल." काय शिकेन हे त्यालाही नीट ठाऊक नव्हतं. त्या सुमारास दवाखान्याच्या व्हरांड्यात डॉक्टरीणबाईंनी सुइणींसाठी वर्ग काढला होता. एकाही सुइणीला वाचता येत नव्हतं, म्हणून पुस्तक वाचून दाखवणारी कोणीतरी त्यांना हवी होती. मी मराठी सहावी झालेली. "वाचून दाखव, आणि वाचता वाचता तूही शीक," असं ठरलं. अशी मी त्या वर्गाची मास्तरीणही झाले आणि विद्यार्थिनीही. पहिल्या दिवसापासून मला ताठा चढला तो मात्र मास्तरणीचा.

तू आलीस ती दारातच बसलीस. अक्कलकोटाकडची, न्हाव्याच्या घरची, तीस वर्षं पेठेत बाळंतपणं करणारी बाई. गालात तंबाखू, मनगटभर बांगड्या. मी वाचलं, "सुइणीने प्रथम नखे काढावीत व हातांतील बांगड्या उतरवाव्यात," आणि पुस्तकातून डोकं वर काढून तुला म्हटलं, "बांगड्या उतरवा."

"नवरा जित्ता हाय की वो माजा," तू म्हणालीस.

सगळ्या हसल्या. मग तुझं लक्ष माझ्या मोकळ्या मनगटांकडे गेलं आणि तुझं हसू तिथंच थांबलं. "चुकलं बाई," म्हणालीस. दुसऱ्या दिवशी आलीस ती बांगड्या वर सारून, चिंधीनं घट्ट बांधून. "उतरवल्या न्हाईत. वर सारल्यात. चालतंय का इचार तुज्या डाक्तरणीला." चालत होतं.

नाळेचा धडा तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात आला. डॉक्टरीणबाईंना आतून बोलावणं आलं म्हणून त्या उठून गेल्या आणि मी वाचत राहिले. विळ्यानं किंवा मिळेल त्या पात्यानं नाळ कापली, तिला राख किंवा शेण लावलं, की त्यातून बाळाच्या अंगात विष शिरतं. सहाव्या-सातव्या दिवशी त्याची दातखिळी बसते, दूध ओढता येत नाही, अंग धनुष्यासारखं ताणतं आणि मूल दगावतं. याला धनुर्वात म्हणतात. सटवीचा किंवा नजरेचा याच्याशी काही संबंध नाही. हे सगळं मी एका दमात, खणखणीत वाचलं. शाळेत शाबासकी मिळवायला वाचावं तसं.

"परत वाच," तू म्हणालीस.

मी परत वाचलं.

"इळ्यानं?"

"हो, विळ्यानं."

"आन् राखंनं?"

"राखेनंसुद्धा."

व्हरांड्यातल्या बाकीच्या बायका कुजबुजत होत्या. तू उठून उभी राहिलीस. दाराच्या चौकटीला हात लावलास. मग तू मला विचारलंस, "म्हंजी म्या मारली का गं ती लेकरं?"

मी पुस्तकाकडे बघत म्हटलं, "पुस्तकात तसंच लिहिलंय."

तू गेलीस आणि आठ दिवस आली नाहीस. बाकीच्या म्हणाल्या, बसव्वा काय आता येत न्हाई. डॉक्टरीणबाईंनी काय झालं ते विचारलं. मी सांगितलं. त्या काही रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "खरं ते सांगितलंस. पण सांगताना बघत कुठे होतीस?" मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही. "जा, त्यांच्या घरी जाऊन ये," म्हणाल्या.

भवानी पेठेत मी पहिल्यांदा पाऊल टाकलं ते त्या दुपारी. बोळभर मागांचा खडखडाट, दोरीवर रंगवलेल्या सुताच्या लडी वाळत घातलेल्या, खाली रंगाच्या पाण्याची थारोळी. तू ओट्यावर सुपात जोंधळे निवडत होतीस. 'ये' म्हणाली नाहीस, 'जा' म्हणाली नाहीस. मी वाटेत वाक्यं जुळवली होती. अजाणता झालेल्याला पाप म्हणत नाहीत, वगैरे. त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही. मी ओट्याच्या कडेला बसले.

सुपावरची नजर न काढता तू नावं घ्यायला लागलीस. लिंगव्वाचं पहिलं. कोपऱ्यावरच्या तेलिणीचं. विणकराच्या नरसव्वाची जुळी, दोन्ही. एकेक नाव, एकेक घर, कोणतं मूल कितव्या दिवशी गेलं ते. "आन् एक माज्या लेकीचं," तू म्हणालीस. "माज्याच हातानं कापली नाळ. सटवीनं नेलं म्हून तिला समजावलं म्याच." तेरा नावं झाली. "आठवत्यात ती येवडी," म्हणालीस.

मी तुझ्याकडे बघायचं टाळत होते. आणि मग, आक्का, तू सूप खाली ठेवलंस आणि विचारलंस, "किती येळ उकळायची ती कातर?"

"काय?"

"कातर गं. म्होरं व्हतं की पुस्तकात. तवा माजं डोस्कं भणाणलं व्हतं, ऐकूच आलं न्हाई. किती येळ उकळायची?"

"वीस मिनिटं."

"घड्याळ कुटं हाय माज्याकडं? दुसरं कायतरी सांग."

मग आपण दोघी विचार करत बसलो. तुझ्या सुनेला चुलीपुढे बसवलं आणि मी दादाचं खिशातलं घड्याळ आणायला घरापर्यंत पळत जाऊन आले. वीस मिनिटांत तिच्या नऊ भाकऱ्या झाल्या. "धा धरू," तू म्हणालीस. "एक जास्तीची." दुसऱ्या दिवशी तू वर्गात पहिल्या ओळीत, डॉक्टरीणबाईंच्या पायाशी येऊन बसलीस. विळा तू कुठे टाकलास ते मी कधी विचारलं नाही.

त्यानंतरची तुझी शिकण्याची तऱ्हा मी अजून कोणाची पाहिलेली नाही. मला पुस्तक पाठ होतं. पान सांगा, मी डोळे मिटून म्हणून दाखवत असे, आणि यालाच शिकणं म्हणतात अशी माझी समजूत होती. तू मला नवीन धडा उघडूच द्यायची नाहीस. "थांब. काल काय सांगितलंस ते आदी म्या सांगते." आणि तू सांगायचीस, अडखळत, मधलं विसरत, कानडीत घसरत. विसरलेलं मी सांगायला गेले की हात वर करायचीस. "तू गप. मला हुडकू दे." दहा-दहा मिनिटं तू डोक्यात हुडकत बसायचीस आणि बाकीच्या बायका जांभया द्यायच्या. जे सापडायचं ते मग कायमचं तुझं व्हायचं. घरी गेल्यावर तेच तू सुनेला शिकवायचीस. सुनेनं एखादा प्रश्न विचारला आणि उत्तर आलं नाही, तर सकाळी तो प्रश्न पदरात बांधून आणावा तसा घेऊन यायचीस. "का?" हा तुझा शब्द. हात दोनदा का धुवायचे? औषधाचं पाणी पांढरं का होतं? कितीदा तरी मला उत्तर यायचं नाही, मग पुस्तकातही नसायचं आणि डॉक्टरीणबाईंना विचारावं लागायचं. पाठ असणं आणि कळणं यांत किती अंतर आहे ते मला असं, तुझ्यासमोर लाजून लाजून समजलं.

आणि माझे हात? माझ्या हातांना काहीच येत नव्हतं. ते तू एका दुपारी ओळखलंस. गोणपाटाखाली नारळ आणि दुधी भोपळा ठेवलास, माझे डोळे पदरानं बांधलेस आणि म्हणालीस, "सांग, डोस्कं कुटं हाय आन् बूड कुटं." मी चाचपडले आणि उलटं सांगितलं. परत उलटं. "बोटानं टोचू नगो. तळव्यानं बघ," म्हणालीस आणि माझे तळवे आपल्या तळव्यांनी दाबून फिरवलेस. महिनाभर हा खेळ रोज चालला. तेव्हापासून तू मला 'बाई' म्हणायचं सोडून 'तंगी' म्हणायला लागलीस. म्हणजे धाकटी बहीण, हेही तूच सांगितलंस. आणि मीही तुला 'तुम्ही' म्हणायचं कधी सोडलं ते मला आठवत नाही.

पहिल्यांदा तू मला बरोबर नेलंस ते विणकरांच्या घरी. भरदुपारी. सोप्यात माग थांबवलेले, आतल्या खोलीत सून कण्हत होती आणि दारात तिची तेलुगू सासू उभी. तिनं माझं रिकामं कपाळ बघितलं आणि दोन्ही हात आडवे केले. "वद्दु, वद्दु!" नको म्हणत होती. पहिलटकरणीच्या खोलीत विधवा! मी मागे फिरले होते, आक्का. जन्मभर मागे फिरायचीच सवय. तू माझा दंड धरलास.

"हिच्या कपाळाकडं बगू नगो," तू तिला सांगितलंस. "हाताकडं बग. माज्या हातापरीस हिचा हात सवच्छ हाय. ही न्हाई तर म्या बी न्हाई."

म्हातारी बाजूला झाली, ती तुझ्या शब्दाखातर.

बाळ पायाळू होतं. मला त्या धड्याचं पानसुद्धा डोळ्यांपुढे दिसत होतं. तरी पाय दिसताच मी ओढायला गेले. तू माझ्या हातावर हात ठेवलास. "ओडू नगो. तिचं तिला करू दे. ऊन फडकं धर आन् थांब." थांबणं एवढं कठीण असतं हे मला माहीत नव्हतं. बाहेर गिरणीचा भोंगा झाला, माणसं ये-जा करायला लागली, आणि आपण दोघी चार हातांनी फक्त थांबलो होतो. मग ते आलं. निळसर, गप्प, आणि मग एकदम ओरडलं. कातर तू माझ्या हातात दिलीस. त्या घरातून निघताना सासूनं माझ्या ओंजळीत खारकांचा पुडा ठेवला. वाटेत मी रडत होते आणि तू मला रागावत होतीस, "हसायचं सोडून रडतीस व्हय!"

पण पुढच्या वर्षी गिरणीजवळच्या चाळीतली ती मुलगी माझ्या हातून गेली, तेव्हा तू बरोबर नव्हतीस. मूल नीट झालं होतं. रक्त थांबलं नाही. डॉक्टर टांग्यातून पोचले तेव्हा उशीर झाला होता. मी घरी येऊन दादाला सांगितलं, हे काम आता मी करणार नाही. शिवणकाम शिकेन, पापड लाटेन, काहीही करेन. पाच दिवस मी अंथरुणावरून उठले नाही. दादा धीराच्या गोष्टी सांगायचा, थोरांची उदाहरणं द्यायचा. त्यातलं काही आत जात नव्हतं.

सहाव्या दिवशी तू आलीस. वहिनीनं तुला मागल्या दारी बसवलं, त्याची लाज मला आजही वाटते. मी येऊन पायरीवर बसले.

"मला नाही जमायचं हे, आक्का."

"व्हय. त्या दिशी न्हाई जमलं," तू म्हणालीस. "काय काय झालं ते पयल्यापासनं सांग."

"आता सांगून काय होणार आहे?"

"सांग तर."

मी सांगितलं. धडा म्हणून दाखवावा तसं एकेक, क्रमानं. एका जागी तू मला थांबवलंस. "रगत थांबाया पोट चोळत व्हतीस?"

"चोळलं."

"किती येळ?"

"डॉक्टरांना आणायला कोणी मिळेना, म्हणून मीच टांग्याकडे पळाले. तोवर."

तू माझ्या डोळ्यांत बघत होतीस. "पळायला शेजारीण धाडायची. दारात उभं राहून बोंब मारायची, कुणीबी पळालं असतं. आपला हात काडायचा न्हाई."

"हात काढला नसता तर वाचली असती?"

"काय ठावं, तंगी." तू खोटा धीर दिला नाहीस. "वाचली बी असती, न्हाई बी. म्होरल्या टायमाला हात काडू नगो." मग म्हणालीस, "म्या तेरा नावं घिऊन हिंडते. तू एक घिऊन निजून ऱ्हायलीस. त्या चाळीत अजून दोगी नवव्या महिन्यात हाईत. तेंच्याकडं कोन जानार?"

मी आत जाऊन तोंड धुतलं. वहिनीला न विचारता तुला घरातल्या कपात चहा दिला. आणि तुझ्याबरोबर गेले. त्यानंतर माझ्या हातून एकही बाई गेली नाही असं नाही. पण हात मी काढला नाही.

मग ती परीक्षा. आपलं सगळ्यांत जुनं भांडण. बाहेरगावचे एक साहेब परीक्षेला आले होते. ज्यांना लिहिता येत नाही त्यांना तोंडी विचारणार होते. मी बाजूला बसून नावं पुकारत होते. तुला त्यांनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तू दिलंस, कारणासकट. शेवटी ते म्हणाले, "तुमच्या हातून कधी मूल दगावलं आहे?" तुझ्या आधीच्या सगळ्या जणी 'नाही साहेब' म्हणून उठल्या होत्या. मी तुझ्याकडे बघून हळूच मान हलवली. तू पाहिलंस. पाहूनही तू म्हणालीस, "व्हय सायेब. तेरा. नावं सांगू?"

साहेबांनी टाक खाली ठेवला. पुढे सर्टिफिकिटं आली, त्यांत तुझं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी दोन पत्रं लिहिली, त्यांचा काही उपयोग झाला नाही.

"गप्प बसायला काय झालं होतं?" मी तुला भर बोळात विचारलं होतं. "एक शब्द! 'नाही' म्हणायला किती वेळ लागतो?"

"मंग म्या शिकले काय?" तू म्हणालीस. "त्या लेकरांपाई तर शिकले. तेंचंच नाव खोटं करून कागूद घिऊ व्हय?"

"लिंगव्वाच्या पोराला त्या कागदानं काय फरक पडतो?"

"मला पडतुया."

दर वर्षी परीक्षा आली की मी तुला परत बस म्हणायची आणि तू तेच उत्तर द्यायचीस. परत तेच इचारतील, परत तेच सांगीन. मला वाटायचं तू हट्टी आहेस. खरं सांगते, मला तुझा राग यायचा. कारण त्या कागदामुळे मी प्रसूतिगृहात नेमणुकीवर गेले आणि तू बोळात राहिलीस. अडलेली बाई घेऊन तू यायचीस, दारापाशी ती माझ्या हाती द्यायचीस आणि बाहेर पायरीवर बसायचीस. आतल्या खोलीत फक्त सर्टिफिकीट असलेल्यांनी यायचं, असा नियम. आत अडलं की मी खिडकीशी येऊन तुला हळूच विचारायची. तू तिथनंच सांगायचीस, खालच्या आवाजात, मला कमीपणा येऊ नये म्हणून. बाळ झाल्यावर शाबासकी मला मिळायची. तू बाळ रडल्याचं ऐकून उठून जायचीस. हे सगळं मी इतकी वर्षं चालवून घेतलं, आक्का. नियमाविरुद्ध एकदाही जोरात बोलले नाही. माझी जागा जाईल ही भीती होती.

आणि त्या पहिल्या प्रश्नाचं उत्तरही तुला कधी दिलं नाही. म्या मारली का गं ती लेकरं? तू परत कधी विचारलं नाहीस, पण मी देणं लागत होते. तू माझ्या मागल्या दारी बसून माझ्या डोळ्यांत बघून मला खरं सांगितलंस, तसं मीही सांगायला हवं होतं. हो आक्का, त्या विळ्यानंच गेली. तुझ्या हातात होता तो. तुला तो ज्यांनी दिला त्यांनाही ठाऊक नव्हतं, तुलाही नव्हतं. आणि ठाऊक झालं त्या दिवसानंतर पेठेत तुझ्या हातचं एकही मूल त्या रोगानं गेलं नाही. हे दोन्ही खरं आहे. पहिलं तुला जन्मभर पुरलं. दुसरं तुला कोणी सांगितलंच नाही, कारण सांगणं माझ्याकडे होतं.

या थंडीत तुझी छाती भरली. मी कामावरून सुटले की येत होते, जवसाचं पोटीस बांधत होते. शेवटून दुसऱ्या भेटीत तुला जरा बरं वाटत होतं. तू नेहमीसारखं विचारलंस, "नवीन काय शिकलीस?" आणि मी सहज बोलून गेले की डॉक्टरीणबाई मला पुण्याला पाठवू म्हणतात, दोन वर्षांच्या मोठ्या शिक्षणाला, पण मी नको म्हटलं आहे.

"का?"

"सगळं इंग्रजीत असतं. तिथल्या मुली अठरा-अठरा वर्षांच्या. मी चौतीस वर्षांची घोडी, त्यांच्यात बसून काय ए-बी-सी गिरवू? आहे ते बरं चाललंय."

"किती म्हणलीस वय?"

"चौतीस."

तू उठून बसायला लागलीस, खोकल्याची उबळ आली, तरी हात हलवून "साकु, साकु" म्हणत राहिलीस. पुरे, पुरे. "जा तू. फारम भर. जमत न्हाई म्हनायला अजून शिकाया बसलीस कुटं?"

मी दिवसभराची दमलेली होते. मला तुझा हट्ट नको होता. मी म्हटलं, "तुला सोपं होतं आक्का. तुला गमवायचं काय होतं?"

तू माझ्याकडे बघितलंस. भिंतीकडे तोंड करून निजलीस. तुझ्या सुनेनं माझ्याकडे पाहिलं आणि मग खाली बघितलं. शब्द तोंडातून गेल्यावर मला कळलं मी काय बोलले ते. तुला गमवायचं काय होतं! तीस वर्षांचा तुझा नावलौकिक, रात्रीची झोप, लेकीसमोर वर मान करून बसणं, सगळं तू त्या एका धड्यापायी घालवलंस आणि तरी दुसऱ्या धड्याला आलीस. मी हे तेव्हाच बोलायला हवं होतं. मी 'उद्या येते' म्हणून उठले. दुसऱ्या दिवशी एक बाई अडली होती, तिसऱ्या दिवशी आले तर तुला ग्लानी होती. मी तुझा हात धरून बसले. माफी मागितली, तुझ्या चांगल्या कानापाशी वाकून. तुला ऐकू गेलं की नाही ते मला माहीत नाही. चौथ्या दिवशी तू गेलीस.

गेल्या आठवड्यात मी फॉर्म भरला. त्यात एक रकाना आहे: पूर्वी कोणाच्या हाताखाली शिक्षण झाले. मी डॉक्टरीणबाईंचं नाव लिहिलं आणि त्याखाली लिहिलं, बसव्वा, सुईण, भवानी पेठ, सोलापूर. दवाखान्याच्या कारकुनानं वाचलं. "ह्यांचा सर्टिफिकीट नंबर?"

"नाही."

"मग हे नाव खोडा. पुण्याला चालायचं नाही."

"खोडणार नाही."

तो म्हणाला, अर्ज परत येईल. मी म्हटलं, येऊ दे. माझा आवाज जरा मोठा झाला असावा, कारण डॉक्टरीणबाई खोलीतून बाहेर आल्या. त्यांनी कागद हातात घेतला, चष्मा काढून पुसला, परत वाचला. कारकुनाच्या टेबलावरचा शिक्का उचलून दोन्ही नावांच्या खाली दाबला आणि सही केली.

अर्ज मंजूर झाल्याची तार आज सकाळी आली. सोमवारच्या गाडीनं निघायचं आहे. दादाकडून इंग्रजीचं पुस्तक आणलंय, त्यातली पहिली चार पानं काही केल्या डोक्यात राहात नाहीत. ट्रंक भरून ठेवली आहे, आक्का.